आजगेकर सरांची क्रियापदं

आजगेकर सर हयात आहेत. हे आधीच सांगते, कारण आपल्याकडे माणूस गेल्यावर त्याच्याविषयी लिहायची पद्धत आहे, आणि गेलेल्या माणसाविषयी वाईट लिहायचं नाही, अशीही एक पद्धत आहे. सर जव्हारला स्वतःच्या घरात ठणठणीत आहेत. त्यामुळे दुसऱ्या पद्धतीची मला अडचण नाही.

मी त्यांच्या हाताखाली चार पावसाळे काढले. शाळा मोखाडा तालुक्यातली, जिल्हा परिषदेची. गावाचं नाव लिहीत नाही, कारण शाळा अजून आहे आणि तिथल्या मुलांचा यात काही दोष नाही. सातवीपर्यंतचे वर्ग आणि शिक्षक तीन. त्यातले एक कायम कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षणाला गेलेले. म्हणजे खरे आम्ही दोघंच. सर मुख्याध्यापक आणि मी शिक्षणसेवक. शिक्षणसेवकाची तीन वर्षं कशी असतात ते ज्यांनी काढली त्यांनाच माहीत. काम पूर्ण शिक्षकाचं आणि नोकरी कायम व्हायची ती मुख्याध्यापकाच्या शेऱ्यावर. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाहीये. पुढे जे येईल त्यात माझाही हात आहे, तो कसा लागला हे कळावं म्हणून सांगते.

पहिल्याच दिवशी मला उशीर झाला. घाटात दरड आली होती, एसटी दीड तास थांबली. हजर झाल्याचा अर्ज लिहिताना मी लिहिलं, "दरड कोसळल्याने गोंधळ उडाला व मला पोहोचण्यास विलंब झाला." सरांनी खिशातून लाल पेन काढलं आणि "उडाला"भोवती गोल केला.

"गोंधळ उडतो तो अनेकांचा," ते म्हणाले. "बाजारात उडतो, लग्नात उडतो. एकट्या माणसाचा गोंधळ होतो, नाहीतर तो माणूस गोंधळतो. तुमच्या बाबतीत काय झालं?"

"मी गोंधळले," मी म्हटलं.

"मग तसं लिहा."

मी दुसऱ्या कागदावर लिहिलं, "मी गोंधळले व उशीर झाला." सरांनी तो कागद फाइलला लावला आणि फाइल कपाटात ठेवली. दरड त्या कागदातून गेली, राहिले फक्त मी आणि माझं गोंधळणं. पुढे दोन वर्षं, मी कशाला नाही म्हणायच्या बेतात असले की सर कपाटाकडे नुसतं बघायचे.

दिसायला माणूस नीटस. पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाची बटणं ऐन मे महिन्यातही लावलेली. जव्हारहून स्कूटरवर येत. शाळेच्या पायरीवर उभं राहून आधी बुटांचा चिखल काडीनं काढत आणि ती काडी कुणातरी पोराच्या हातात देत, टाकून ये म्हणून. टेबलावर एक जाडजूड शब्दकोश, खाकी कागदाचं कव्हर घातलेला. त्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना चालत नसे. लग्नाची पत्रिका आली की आधी तिच्यातल्या चुका काढायचे, मग तारीख बघायचे. एकदा गावातल्या एका बाईनं मुलीच्या लग्नाची पत्रिका आणून दिली, तर सरांनी तिच्यासमोर पत्रिकेत सात ठिकाणी लाल खुणा केल्या आणि परत तिच्याच हातात ठेवली. ती बिचारी "बरा, गुरुजी" म्हणून घेऊन गेली. बोलावणं द्यायला आलेली बाई पत्रिका परत घेऊन जाताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "क्रियापद बघा, माणूस कळतो." तालुक्याच्या कार्यक्रमात भाषणाला बोलावलं की ते हे वाक्य म्हणायचे आणि टाळ्या पडायच्या.

त्यांचं चांगलं जे होतं तेही सांगितलं पाहिजे. पावसात रस्ता तुटला तरी ते शाळेत यायचे, स्कूटर अलीकडे ठेवून ओढ्यातून चालत. त्यांच्या हाताखालून गेलेल्या मुलांचं अक्षर चांगलं असायचं आणि ती ऱ्हस्व-दीर्घ चुकत नसत. हे मला नाकारता येत नाही. फक्त ती मुलं वर्गात तोंड उघडत नसत. घरी सगळी आपापल्या बोलीत बोलणारी, कुणी कोकणा, कुणी वारली. मराठी त्यांची शाळेतली भाषा. पहिलीतल्या मुलानं "पाणी पेवाचा" म्हटलं की सर त्याला पाणी द्यायच्या आधी "पाणी प्यायचं आहे" दहादा म्हणायला लावायचे. काही मुलं तहान लागली तरी सांगेनाशी झाली.

गोंधळ हा त्यांचा आवडता शब्द. सहावीला त्यांनी त्यावर अख्खा तास घेतला होता. मी शेजारच्या वर्गावर होते, मधली भिंत अर्धीच, म्हणून सगळं ऐकलं. फळ्यावर त्यांनी चार ओळी लिहिल्या. गोंधळ घालणे, गोंधळ होणे, गोंधळ उडणे, गोंधळणे. "शब्द एकच," ते म्हणाले. "पण घालणे म्हटलं की घालणारा शोधावा लागतो. होणे म्हटलं की कुणाला शोधायचं कारण नाही. ते आपोआप होतं, पाऊस पडतो तसं." मग त्यांनी देवीच्या गोंधळाचं सांगितलं. लग्नानंतर गोंधळी येतात, संबळ वाजवतात, देवीची गाणी म्हणतात, तोही गोंधळच आणि तोही घालतातच. शिकवत होते छान, माझंही वर्गातलं लक्ष उडालं.

तेवढ्यात सविता उठली. सविता देवू भोये, वर्गातली एकटीच अशी, जी विचारायची. "गुरुजी, आमचा भगत थाळ वाजवून कणसरीची गोष्ट गातो. तो पण गोंधळ का?"

कणसरी म्हणजे धान्याची देवी. नाचणी-भात घरात आलं की तिची पूजा होते.

सर हसले. "तुमचा? तो खरा गोंधळ, बाळ. पहिल्या अर्थाचा."

विनोद वर्गाला कळला नाही. सर हसताहेत म्हणून मुलं हसली. सविता खाली बसली. तिला कळला होता.

त्याच वर्षी शिष्यवृत्ती परीक्षेच्या अर्जांची तारीख निघून गेली. अर्ज सरांच्या टेबलाच्या खणात होते, मी स्वतः चार मुलांकडून भरून घेऊन दिले होते. मुलं रोज तासभर जादा बसून तयारी करत होती. सरांनी शांतपणे वर्गात सांगितलं, "या वर्षी अर्जांचा थोडा गोंधळ झाला." झाला. जसा पाऊस पडतो. आणि पुढच्याच आठवड्यात पोषण आहाराचे तांदूळ भिजले. पोतं ओसरीवर ठेवायला सरांनीच सांगितलं होतं, आतल्या खोलीत घाण नको म्हणून. पण वहीत नोंद झाली, "स्वयंपाकी ताईंनी गोंधळ घातल्याने धान्य खराब झाले." ताईंना वाचता येत नव्हतं. त्यांनी नोंदीखाली अंगठा दिला.

तेव्हापासून मला सरांचं व्याकरण कळायला लागलं. त्यांच्या हातून काही बिघडलं की गोंधळ व्हायचा. दुसऱ्याच्या हातून, किंवा दुसऱ्याच्या माथी मारता येण्यासारखं बिघडलं, की तो घातला जायचा. हे सगळं जपून, एकही चूक न करता. क्रियापद बघून मला माणूस कळला तो असा.

सविताची मोठी बहीण यमुना. आमच्याच शाळेतून शिकून गेलेली, मी यायच्या आधी. ती बारावीला जव्हारला होती. मार्क चांगले पडले आणि तिचा नर्सिंगला नंबर लागला. तिच्या पाड्यावरून तोपर्यंत कुणी मुलगी नर्सिंगला गेली नव्हती. जमातीचा दाखला तिच्याकडे होता, पण प्रवेशाला त्याची पडताळणी लागते, आणि पडताळणीत शाळेचं पहिलं रजिस्टर मागतात. वडिलांची शाळा झालेली नाही, आजोबांची नाही, म्हणजे त्या घराचा सगळ्यात जुना कागद यमुनाच्या पहिलीच्या प्रवेशाचा. त्या रजिस्टरमध्ये जातीच्या रकान्यात लिहिलं होतं, कुणबी.

कोकणा ही आदिवासी जमात. गावात कुणी कोकणा म्हणतं, कुणी कुकणा. कुणबी ही वेगळी जात, वेगळ्या यादीतली. दोन शब्दांत अंतर अडीच अक्षरांचं, पण त्यावर यमुनाची जागा अडली.

आवणीचे, भाताची रोपं लावायचे दिवस होते. देवू भोये चिखलातून उठून तसाच आला होता, पोटऱ्यांवर चिखल वाळलेला. भाताचं थोडं रान, नाचणीचा एक उतार, आणि दिवाळीनंतर वसईला बांधकामावर जाणं, असं त्याचं वर्ष. यमुनाच्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात सगळे कागद. ती पायरीवर उभी राहिली. देवू आत आला.

"गुरुजी, हितं कुणबी लिवलाय," तो म्हणाला. "आमी कुकणा."

सरांनी रजिस्टर उघडलं, रकाना बघितला. "तू तेव्हा काय सांगितलं होतंस?"

"कुकणाच सांगला होता. दुसरा काय सांगणार?"

"कुकणा हा काही शब्द नाही, देवू. तुम्हा लोकांचे उच्चार..." सर माझ्याकडे वळून, समजावून सांगितल्यासारखं म्हणाले, "मी ऐकून शुद्ध करून लिहिलं असणार. कुकणा, कुणबी. सहज होतं असं."

हे ते माझ्यासमोर बोलले. मी शब्दशः लिहिते आहे.

पायरीवरून यमुना म्हणाली, "सर, मग एवढंच लिहून द्या ना. लिहिताना तुमची चूक झाली म्हणून. तेवढं पत्र असलं तर दुरुस्ती होते, पडताळणीच्या ऑफिसात सांगितलंय."

चूक हा शब्द सरांना झोंबला. त्यांनी रजिस्टर मिटलं. "चूक वगैरे नाही. नोंदीत गोंधळ झालेला दिसतो. पत्र देतो, उद्या या."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला लिहायला बसवलं. पत्रं नेहमी मीच लिहायची, माझं अक्षर चांगलं म्हणून. ते फेऱ्या मारत सांगत होते. "सदर विद्यार्थिनीच्या प्रवेशाच्या वेळी पालकांनी जात सांगताना गोंधळ घातल्याने नोंद कुणबी अशी करण्यात आली."

माझं पेन थांबलं. "सर, काल तुम्ही गोंधळ झाला म्हणालात."

"बोलताना होतो," सर म्हणाले. "लिहिताना कर्ता लागतो. उद्या वरचा अधिकारी विचारेल, कोणामुळे झाला? तिथे माझं नाव घालू? माझी नोकरीची दोनच वर्षं राहिलीत."

"पण देवूनं तर बरोबर सांगितलं होतं."

"तुम्ही होतात तिथे?" ते थांबले. मग अगदी मायेनं म्हणाले, "तुमचा शेरा अजून व्हायचाय, बाई. लिहा."

मी लिहिलं. ते पत्र माझ्या अक्षरात आहे, खाली सही त्यांची. अक्षर सुंदर आलंय.

देवू पत्र घेऊन निघाला. यमुनानं ते त्याच्या हातून घेतलं आणि पायरीवर उभ्या उभ्या वाचलं. दोनदा वाचलं. मग माझ्याकडे आली. "बाई, घातल्याने म्हणजे बाबानं मुद्दाम केलं असं होतं ना?"

मी म्हटलं, "नुसता शब्द आहे गं तो. सरकारी भाषा असते अशी."

तिनं पत्र पिशवीत घातलं. माझ्यावर विश्वास ठेवला.

पुढं काय झालं ते देवूनं मला रस्त्यात सांगितलं, महिन्याभरानं. पत्र वाचून पडताळणीच्या ऑफिसातल्या माणसानं विचारलं होतं, पालकांनी दोन वेळा दोन जाती सांगितल्या का? आधी कुणबी सांगितली आणि आता जागा मिळते म्हणून कोकणा? "तो बोलला, तुमच्याच मास्तरनी लिवलाय, तुमी गोंधळ घातला," देवू म्हणाला. "बाई, मी काय दारू पिऊन गेलतो का साळंत? पोरीचा नाव घालाया गेलतो. नवा सदरा घालून गेलतो."

त्याला वाटलं मला नुसतं वाईट वाटतंय. त्यानंच माझी समजूत काढली. "तुमी काय करशाल बाई," म्हणाला आणि गेला.

प्रवेशाची मुदत संपली. यमुनाची जागा दुसऱ्या कुणाला गेली. दिवाळीनंतर ती चुलत्याबरोबर भिवंडीला गेली, कपड्यांच्या गोदामात पॅकिंगला. सविता तेव्हा सातवीत होती. तिनं वर्गात विचारणं बंद केलं.

त्या उन्हाळ्यात कपाटाला वाळवी लागली. सर सुटीवर होते, मी एकटीच गठ्ठे बाहेर काढून उन्हात घालत होते. त्यात जुन्या प्रवेश अर्जांचा एक गठ्ठा निघाला. रजिस्टर सर लिहायचे, पण अर्ज माझ्या आधीच्या बाई भरायच्या, पालकांना विचारून. यमुनाचा अर्ज खालच्या बाजूनं कुरतडलेला, बाकी शाबूत. जातीपुढं त्या बाईंनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, कोकणा. खाली देवूचा अंगठा. आणि कोकणा या शब्दावर लाल शाईची एक रेघ, वर लाल शाईनंच लिहिलेलं, कुणबी, आणि बाजूला सरांची छोटी सही. शुद्धलेखनाची वही तपासावी तशी.

म्हणजे देवूनं नीट सांगितलं होतं. बाईंनी नीट ऐकलं होतं, नीट लिहिलं होतं. कुणाचाच कसलाच गोंधळ नव्हता. एका माणसाला तो शब्द अशुद्ध वाटला, एवढंच.

मी त्याचे फोटो काढले, झेरॉक्स केल्या. अर्ज घरी नेऊन पुस्तकात ठेवला. आणि मग मी गप्प बसले. सात महिने. माझा शेरा लागून नोकरी कायम झाल्याचा कागद हातात पडेपर्यंत. तो पडला आणि पुढच्या आठवड्यात मी देवूच्या घरी जाऊन झेरॉक्स दिली. आधी का नाही दिली असं त्यानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी काय क्रियापद वापरलं असतं, कुणास ठाऊक.

सरांच्या निवृत्तीचा कार्यक्रम शाळेच्या अंगणात झाला. पत्रिका त्यांनी स्वतः लिहिली होती. "मोठ्या संभ्रमाने साजरा होणाऱ्या या समारंभास" असं. छापणाऱ्यानं फोन करून विचारलं, सर, कार्यक्रम नक्की आहे ना? गावात दोघा-तिघांनी विचारलं, संभ्रम कसला? सर खूश झाले. प्रत्येकाला सांगत होते की संभ्रम म्हणजे पूर्वी थाटमाट, लगबग, आदर. लोकांनी अर्थ बिघडवला, त्याची गडबड-शंका करून टाकली. असे शब्द आम्ही नाही जपले तर कोण जपणार?

मांडव, हार, शाल-श्रीफळ. केंद्रप्रमुख साहेब अध्यक्ष. भाषणं झाली, प्रत्येकात शुद्ध मराठीचा उल्लेख. दोन बायका खरोखर रडल्या. मग सूत्रसंचालन करणाऱ्यानं विचारलं, गावकऱ्यांपैकी कुणाला बोलायचंय का? देवू उठला.

मला वाटलं नारळ द्यायला उठला. त्याच्या हातात नारळ होताही. तो त्यानं टेबलावर ठेवला, सदऱ्याच्या खिशातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला आणि केंद्रप्रमुखांच्या हातात दिला. माइक त्याला धरता येईना, तो तसाच बोलला. "साहेब, मला वाचता येत नाय. यात काय लिवलाय ते सांगा."

केंद्रप्रमुखांनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग कागद न बोलता सरांपुढे सरकवला.

सरांनी चष्मा लावला. "अक्षर माझंच आहे," सर म्हणाले. आवाज नेहमीसारखाच. "फार जुनी गोष्ट आहे. त्या वेळी नोंदीत गोंधळ झाला."

देवू तसाच उभा. "कुणाचा?" त्यानं विचारलं.

सरांनी त्याच्याकडे पाहिलं. मी त्या माणसाला चार वर्षांत एकदाही शब्दासाठी अडलेलं पाहिलं नव्हतं. ते कागदाची घडी घालायला लागले. देवूनं हात पुढे केला आणि घडी होण्याआधी कागद परत घेतला. केंद्रप्रमुख उठून म्हणाले, "आता अल्पोपहार आहे, सर्वांनी लाभ घ्यावा." लोक उठले. सर हार गळ्यात तसाच ठेवून जिलेबी खात होते. त्यांना कुणी काही बोललं नाही. मीही नाही.

सर निवृत्त झाल्यावर शाळेचा तात्पुरता कारभार माझ्याकडे आला. पहिलं पत्र मी त्या नोंदीच्या दुरुस्तीचं केलं, मूळ अर्ज जोडून. "पालकांनी सांगितलेली योग्य नोंद तत्कालीन मुख्याध्यापकांनी स्वतःच्या हाताने खोडून चुकीची केली." आणि खाली एक परिच्छेद, आधीचं पत्र मी सत्य माहीत असताना लिहिलं म्हणून. त्याचा खुलासा मागवला गेला, मी दिला, मला ताकीद मिळाली. ती मिळायलाच हवी होती. सरांना विचारणा झाली की नाही, मला माहीत नाही. निवृत्त माणसाला कोण विचारतो.

दुरुस्ती व्हायला दीड वर्ष गेलं. झाल्यावर मी यमुनाला फोन केला. मागं गोदामातली यंत्रं ऐकू येत होती. "बाई, माझं राहू द्या," ती म्हणाली. "मला आता इथं बारा बायकांवर सुपरवायझर केलंय. सवितेच्या वेळी कामाला येईल, तेवढं पुष्कळ." रागावलेली वाटली नाही. मी माफी मागायला लागले तर म्हणाली, "जेवणाची सुट्टी संपली, ठेवते."

सवितेच्या वेळी कामाला आलं. ती आता नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

गेल्या दिवाळीच्या सुटीत मी तिला जव्हारच्या एसटी स्टँडवर भेटायला गेले होते. ती कॉलेजहून घरी निघालेली, मोखाड्याच्या गाडीला अवकाश होता. आम्ही बाकावर बसलो आणि मला समोरच्या बाकावर आजगेकर सर दिसले. शेजारी त्यांच्या पत्नी, पायाशी दोन बॅगा. मुलाकडे निघाले असावेत. सर संत्रं सोलत होते, साली रुमालावर गोळा करत होते. तब्येत उत्तम. शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत.

मी मान वळवली. सविता उठली.

मी तिला हाक मारायच्या आत ती त्यांच्यासमोर जाऊन वाकली होती. पायांना हात लावला. सर सुखावले. एक हात तिच्या डोक्यावर ठेवून म्हणाले, "कुणाची गं तू?"

"सविता देवू भोये," ती म्हणाली. ठसठशीत, एकेक शब्द वेगळा. मग शाळेचं नाव सांगितलं. मग म्हणाली, "यमुनाची धाकटी बहीण."

"छान, छान," सर म्हणाले. "काय शिकतेस?"

"नर्सिंग."

"वा! आमच्या हातची मुलं." ते पत्नीकडे वळले. "बघ, कुठे कुठे पोहोचलीत." मग त्यांनी संत्र्याच्या दोन फोडी सविताच्या तळहातावर ठेवल्या, तिच्याशी बोलणं झालं असं ठरवून घड्याळ पाहिलं आणि त्यांची गाडी लागल्याबरोबर बॅगा उचलल्या. माझ्याकडे त्यांचं लक्ष गेलंच नाही. किंवा गेलं असेल.

सविता परत येऊन बसली. मी चिडले होते. "पाया कशाला पडलीस त्या माणसाच्या?"

"जवळून बघायचं होतं," ती म्हणाली. "आमची नावं ऐकून त्यांना काही होतं का."

"मग?"

सरांची गाडी मागे सरकली, वळली आणि ठाण्याच्या रस्त्याला लागली. खिडकीत त्यांचा पांढरा शर्ट क्षणभर दिसला.

"काही नाही झालं," सविता म्हणाली. तिनं त्या दोन फोडी बाकाच्या कडेला ठेवल्या आणि पिशवीतल्या बाटलीतलं पाणी हातावर ओतून तळहात धुतला.